प्रेकेस्टोलेनच्या कड्यावर: लीसेफ्योर्ड वरून पाहण्यासाठी काय तयारी करावी

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, स्टाव्हांगर शहराच्या पूर्वेला, लीसेफ्योर्ड नावाची समुद्राची चिंचोळी शाखा (अशा शाखेला फ्योर्ड म्हणतात) 42 किलोमीटर डोंगरांच्या आत शिरलेली आहे. तिच्या उत्तर काठावर पाण्यापासून 604 मीटर उंचीवर एक कातळ सरळ पुढे आलेला दिसतो. त्याचा माथा सपाट आणि साधारण चौकोनी असून लांबीरुंदी 25 मीटरच्या आसपास आहे. तीन बाजूंना कडा इतका उभा तुटलेला आहे, की कडेशी गेल्याशिवाय खालचे पाणी दिसतच नाही. हाच प्रेकेस्टोलेन. चर्चमध्ये धर्मोपदेशक ज्या उंच प्रवचनपीठावर उभे राहून बोलतात, त्याचे नॉर्वेजियन नाव या कातळाला मिळाले ते 1900 सालाच्या सुमारास, पर्यटक येऊ लागल्यावर. त्याआधी आसपासच्या लोकांच्या बोलीत याला ‘रंधा मारलेला दात’ अशा अर्थाचे नाव होते, आणि खालून बोटीतून पाहिल्यावर तेच नाव अधिक चपखल वाटते.

दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे येथे येतात. त्यांतल्या अनेकांना वर पोहोचल्यावर दाट ढगाशिवाय काही दिसत नाही, काहींना फक्त गर्दी दिसते, आणि काही जण मधूनच परततात. या तिन्ही गोष्टींचा संबंध पायांच्या ताकदीशी कमी आणि निवडलेल्या दिवसाशी व वेळेशी जास्त असतो. म्हणून या लेखात वाटेच्या वर्णनाइतकेच महत्त्व दिवस आणि वेळ कशी निवडावी याला दिले आहे.

प्रथम आपल्याला हा कडा चढायचा आहे का, हे ठरवावे. गाडी थेट माथ्यावर नेणारा रस्ता येथे नाही. वाहनतळापासून कड्यापर्यंत सुमारे 4 किलोमीटर आणि परत तेवढेच, असे एकूण 8 किलोमीटर चालावे लागते. सुरुवातीचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 270 मीटरवर असल्यामुळे नकाशावर चढ 334 मीटरचाच दिसतो, परंतु वाट अनेकदा खाली उतरून पुन्हा वर चढते, त्यामुळे जाऊन येऊन एकूण चढाई 500 मीटरच्या घरात जाते. रोज थोडेफार चालणाऱ्या माणसाने वर थांबण्याचा वेळ धरून चार ते पाच तासांचा हिशोब करावा; लहान मुले किंवा सवय नसलेली माणसे बरोबर असतील तर सहा तास धरलेले बरे. गिर्यारोहणाचे शिक्षण लागत नाही, दोरही लागत नाही. पण ज्यांचे गुडघे उंच दगडी पायऱ्या उतरताना कुरकुरतात, त्यांनी हा चढ हलक्यात घेऊ नये. त्यांच्यासाठी नॉर्वेत दुसरी सोय आहे. आउरलांडफ्योर्डवरील स्टेगास्टाइन हा सज्जा रस्त्यालगतच आहे. 2006 मध्ये खुला झालेला हा लाकूड आणि पोलादाचा सज्जा डोंगरातून 30 मीटर बाहेर झेपावतो आणि त्याच्या काचेच्या टोकाशी उभे राहिल्यावर फ्योर्ड 650 मीटर खाली दिसतो. गायरांगरजवळच्या 1,476 मीटर उंचीच्या दाल्सनिब्बा शिखरावर तर पथकर भरून मोटारीने थेट जाता येते. हा पर्याय कमीपणाचा मानण्याचे काहीच कारण नाही.

आता दिवसाविषयी. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ सर्वसाधारण प्रवाशासाठी योग्य आहे. जून आणि जुलैमध्ये दिवस सुमारे 18 तासांचा असतो, त्यामुळे संध्याकाळी निघूनही उजेडात परतता येते. मे आणि सप्टेंबरमध्ये गर्दी कमी असते, मात्र सप्टेंबर सरू लागला की या किनाऱ्यावरचा पाऊस वाढतो. डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड सहा तासांच्या आसपास उरतो, दगडांवर बर्फाचा पातळ थर जमतो आणि तो दिसतही नाही. हिवाळ्यात जायचेच असेल तर स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा आणि बुटांना लावायचे लोखंडी दात वापरावेत. या बाबतीत तडजोड करू नये.

तारीख ठरली तरी दिवस ठरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. उत्तर समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना प्रथम अडतात, आणि 604 मीटर ही उंची अशी आहे की खाली शहरात स्वच्छ ऊन असताना कडा ढगात गुरफटलेला असू शकतो. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे स्टाव्हांगरमध्ये एकच रात्र न राहता दोन किंवा तीन रात्रींचा मुक्काम ठेवावा आणि त्यांतला सर्वांत चांगला दिवस कड्यासाठी राखावा. दुसरी म्हणजे नॉर्वेची हवामानसंस्था आणि तेथील सार्वजनिक प्रसारणसंस्था मिळून चालवीत असलेली ‘युर’ ही हवामानसेवा पाहावी. तीत स्टाव्हांगरचा नव्हे, तर खुद्द प्रेकेस्टोलेनचा तासागणिक अंदाज वाचावा. पावसाच्या आकड्याकडे सगळेच पाहतात. मी वाऱ्याचा आकडा आधी पाहीन, कारण पावसात भिजण्याला उपाय आहे, उघड्या कातळावर झोडपणाऱ्या वाऱ्याला नाही. अंदाजात जोराचे झोत दाखवले असतील तर तो दिवस शहरासाठी ठेवावा.

तासाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पर्यटकांच्या बसगाड्या सकाळी येतात, त्यामुळे उन्हाळ्यात साधारण अकरा ते तीन या वेळात माथ्यावर कडेशी छायाचित्र काढण्यासाठी चक्क रांग लागते. सकाळी सहाच्या सुमारास चढायला लागल्यास किंवा दुपारी चारनंतर निघाल्यास तोच कातळ जवळजवळ मोकळा मिळतो. दोहोंपैकी मी संध्याकाळ निवडण्याचा सल्ला देईन. फ्योर्डचा आतला भाग कड्याच्या पूर्वेकडे पसरलेला आहे, म्हणून सकाळी तिकडे पाहताना सूर्य डोळ्यांवर येतो आणि समोरचे डोंगर काळपट दिसतात. दुपारनंतर ऊन पाठीशी येते आणि त्याच डोंगरांचा फिकट करडा रंग उजळून निघतो. ‘लीसे’ या नावाचा संबंध प्रकाशाशी आहे आणि तो या काठांवरच्या फिकट खडकांमुळे आला असे सांगतात. ते खरे वाटायला संध्याकाळच पाहावी लागते. अर्थात संध्याकाळी निघणाऱ्याजवळ परतीचे स्वतःचे वाहन किंवा जवळपास मुक्काम हवा, कारण शेवटची बस कोणासाठी थांबत नाही.

पोहोचण्याचा मार्ग आता बराच सोपा झाला आहे. पूर्वी स्टाव्हांगरहून ताऊ या गावी फेरीबोटीने जावे लागे. 2019 च्या अखेरीस समुद्राखालून जाणारा रिफिल्के बोगदा खुला झाला आणि ती फेरी बंद पडली. हा बोगदा 14 किलोमीटरहून लांब आहे आणि सर्वांत खोल जागी समुद्रसपाटीच्या 292 मीटर खाली जातो. म्हणजे एकाच सकाळी प्रवासी समुद्राच्या तळाखालून निघून 604 मीटर उंचीवर जाऊन बसतो. मोटारीने शहरातून वाहनतळापर्यंत पाऊण ते एक तास लागतो. बोगद्याचा पथकर कॅमेऱ्याने आपोआप नोंदला जातो, भाड्याच्या गाडीचा असेल तर तो नंतर बिलात दिसतो, त्यामुळे मध्येच नाका शोधत बसू नये. वाहनतळाचे शुल्क काही शे क्रोन असते आणि ते कार्डाने भरता येते. नॉर्वेत रोख रक्कम बाळगण्याची गरज फारशी पडत नाही. गाडी नसेल तर पर्यटनाच्या हंगामात स्टाव्हांगरहून थेट पायथ्यापर्यंत बससेवा असते. जाण्यायेण्याची तिकिटे आधी काढून ठेवावीत आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्यावी. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी शेंगेन क्षेत्रात येतो, म्हणून भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना शेंगेन व्हिसा पुरतो.

पायथ्याशी रेव्ह्सव्हात्ने या तळ्याकाठी डोंगरी विश्रामगृह, खाण्याची सोय आणि स्वच्छतागृहे आहेत. स्वच्छतागृहाचा उपयोग येथेच करून घ्यावा, कारण पुढे वाटेवर ते नाही. पाणी, खाणे आणि कपडे यांचा शेवटचा हिशोबही येथेच करावा.

कपड्यांबाबत नियम सोपा आहे, तरी तो मोडणारे पुष्कळ दिसतात. एकच जाड जाकीट घेण्याऐवजी एकावर एक चढवता आणि उतरवता येतील असे दोन-तीन हलके कपडे असावेत, त्यांतला अंगालगतचा लोकरीचा किंवा घाम लवकर सुकवणाऱ्या कापडाचा असावा आणि सर्वांत वरचा वारा व पाणी दोन्ही अडवणारा असावा. सुती बनियन आणि जीन्स टाळावी; सुती कापड चढताना घामाने ओले होते, वर पोहोचून थांबले की गार पडते आणि मग भर जुलैमध्येही हुडहुडी भरते. कानटोपी आणि पातळ हातमोजे उन्हाळ्यातही पिशवीच्या तळाशी ठेवावेत. छत्रीचा वर काही उपयोग नाही. बूट घोटा सांभाळणारे आणि खोबणीदार तळव्यांचे हवेत, शिवाय ते नवे कोरे नसावेत. माणशी एक ते दीड लिटर पाणी, पोटभरीचा डबा, थोडा गोड खाऊ, पट्ट्या व मलम, आणि संध्याकाळी निघणार असाल तर डोक्याला बांधायचा दिवा, एवढे सामान पुरे होते. ट्रायपॉड किंवा जड भिंगे घेण्यापूर्वी ती कोण वाहणार याचा विचार घरीच करावा.

वाट पहिल्या पावलापासून चढते. वाहनतळ सोडल्यावर झाडीतून जाणारा हा चढ अंगावर येतो आणि अनेकांना वाटते की सारा मार्ग असाच असेल, तसे नाही. हा चढ सावकाश, बोलता येईल इतक्या गतीने चढावा. त्यानंतर वाट सपाट होते आणि क्रोगाबेकमीरा या दलदलीच्या भागातून लाकडी फळ्यांवरून पुढे जाते. फळ्या ओल्या असतील तर घसरतात. तरीही फळ्या सोडून बाजूच्या हिरव्या गवतावर पाय ठेवू नये, कारण पाय घोटाभर चिखलात जातो आणि येथील शेवाळ व गवत एकदा तुडवले की सावरायला वर्षे लागतात.

पुढचा टप्पा खरी कसोटी पाहणारा आहे. नेव्हर्डाल्सकारे या खिंडीत मोठमोठ्या शिळांचा उभा उतार आहे आणि पूर्वी येथे हातापायांवर चढावे लागे. येत्याजात्या पावलांनी वाट झिजू लागली, तेव्हा नेपाळहून शेर्पा कारागीर बोलावण्यात आले. त्यांनी डोंगरातलेच दगड घडवून, एकमेकांत बसवून पायऱ्या रचल्या. सिमेंटचा दिखाऊपणा या कामात कोठेही नाही. चढताना दम घेण्यासाठी थांबावेच लागते, तेव्हा एक दगड दुसऱ्यात कसा अडकवला आहे हे पाहून घ्यावे. पायऱ्यांची उंची मात्र सारखी नाही. उतरणाऱ्यांना वाट देण्यासाठी डोंगराच्या बाजूला सरून थांबावे.

खिंड संपली की झाडे मागे राहतात आणि उघडा, घासून गुळगुळीत झालेला खडक सुरू होतो. येथे पायवाट अशी उरत नाही. खांबांवर आणि खडकांवर रंगवलेल्या लाल ‘टी’ अक्षराच्या खुणा पाहत चालावे लागते. या खुणा 1868 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेजियन पर्यटन संघाची ओळख आहेत आणि देशभरातल्या उन्हाळी डोंगरवाटांवर त्या दिसतात. धुके उतरले तर एक खूण नजरेआड होण्यापूर्वी पुढची दिसते का, हे पाहूनच पाऊल टाकावे. दिसत नसेल तर मागच्या खुणेपाशी परतावे. याच पट्ट्यात त्योदनाने नावाची लहान तळी आहेत. उन्हाच्या दिवशी काही जण त्यांत पोहतात. पाणी थंड असते, पण परतीच्या वाटेवर नुसते पाय बुडवून बसले तरी पुढचा उतार सुसह्य होतो.

शेवटच्या टप्प्यात दोन पर्याय मिळतात. एक वाट कड्याच्या अंगाने जाते, तिच्या काही भागात उजवीकडे थेट फ्योर्ड असतो आणि अवघड जागी लाकडी फळ्यांचा आधार दिलेला आहे. दुसरी डोंगराच्या पाठीवरून वर चढून कातळाच्या मागच्या बाजूने खाली उतरते. उंचीची भीती वाटणाऱ्याने दुसरी घ्यावी. जी प्रसिद्ध छायाचित्रे सर्वत्र दिसतात, ती प्रत्यक्ष कातळावरून काढलेली नसून त्याच्या मागच्या उंच खडकांवरून काढलेली आहेत, त्यामुळे या वाटेने आलेल्याला ते दृश्य आयतेच समोर मिळते.

कातळावर कठडा नाही. लोक नेहमी विचारतात की का नाही, आणि नॉर्वेतले उत्तर असे की निसर्गाला कुंपण घालता येत नाही. माणसाने आपली काळजी आपण घ्यायची असते. येथे अपघाताने पडून मृत्यू पावलेल्यांची संख्या येणाऱ्यांच्या मानाने अत्यल्प आहे, परंतु तसे घडलेले आहे. कडेशी जायचे असेल तर शेवटचे दोन मीटर बसून किंवा पोटावर सरकत जावे. पोटावर पडून खाली पाहताना ओशाळण्याचे कारण नाही, कारण खालचे पाणी सर्वांत चांगले तसेच दिसते. उडी मारतानाचे छायाचित्र काढू नये, मागे सरकत कोणाचे छायाचित्र काढू नये, आणि मुलांचा हात कातळावर पाऊल ठेवण्याआधीच धरावा. कातळ ओला असेल किंवा वारा झोत देत असेल तर कडेपासून लांबच बसावे.

कातळाच्या मुळाशी एक खोल भेग आडवी गेलेली दिसते. हा संपूर्ण दगड एक दिवस फ्योर्डमध्ये कोसळेल असे भूवैज्ञानिकही मानतात, मात्र तो दिवस जवळ आल्याचे लक्षण त्यांना दिसलेले नाही. भेगेकडे पाहताना हा कातळ घडला कसा तेही समजते. हिमयुगात या दरीतून जाणाऱ्या हिमनदीने डोंगर खोलवर कोरून काढला; सुमारे 10,000 वर्षांपूर्वी बर्फ मागे हटू लागला तेव्हा खडकाच्या फटींत शिरलेले पाणी गोठून फुगत गेले आणि मोठमोठे कोनदार ठोकळे सुटून खाली गेले. काठ इतके सरळ रेषेत कापल्यासारखे दिसतात ते यामुळे. हिमनदीने मुखाशी उंबरठ्यासारखा उथळ भाग सोडला आहे, आत मात्र फ्योर्डची खोली 400 मीटरहून अधिक आहे. म्हणजे वरून दिसतो तो दरीचा केवळ पाण्याबाहेरचा भाग होय.

वर किमान तासभर थांबावे. ढग आला तर लगेच निघू नये, अंगावर एक कपडा चढवून वाट पाहावी. वारा असेल तर पडदा अर्ध्या तासातही फाटतो. डबा कातळाच्या मागच्या, वाऱ्याच्या आडोशाला बसून खावा आणि फळांच्या सालींसकट सगळा कचरा पिशवीत परत न्यावा. 1957 च्या कायद्याने नॉर्वेत कोणालाही मोकळ्या रानात फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे वाटेच्या आसपास मुक्काम करणारेही भेटतात. परंतु तंबू वस्तीच्या घरापासून किमान 150 मीटर लांब असावा लागतो, आणि 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळात रानात किंवा रानालगत शेकोटी पेटवण्यास बंदी असते. कुत्रा बरोबर असेल तर 1 एप्रिल ते 20 ऑगस्ट या काळात तो दोरीनेच बांधलेला हवा.

मध्येच परतण्याची वेळ आली तर काय करावे, याचे उत्तर नॉर्वेच्या डोंगरनियमांत लिहून ठेवलेले आहे: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. हे नियम तेथील मुलांना लहानपणापासून ठाऊक असतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की निघतानाच परतीची वेळ ठरवावी आणि ती झाली की कडा अर्धा किलोमीटरवर असला तरी वळावे. पाय मुरगळला किंवा कोणी पडले तर वैद्यकीय मदतीसाठी 113 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत. ‘येल्प 113’ हे ॲप आधीच फोनमध्ये घेतले तर फोन लावताच आपली जागा मदत केंद्राला कळते. शोधकार्यात उतरणारे बरेचसे लोक रेडक्रॉसचे स्वयंसेवक असतात, हे लक्षात घेऊन त्यांना विनाकारण डोंगर चढायला लावू नये.

उतरताना वेळ वाचेल असे धरू नये. वाटेत पुन्हा चढ आहेत, पाय थकलेले असतात आणि घसरण्याचे प्रसंग बहुधा याच वेळी येतात. पायऱ्यांवर काठी असल्यास गुडघ्यांचा भार हलका होतो.

मुक्काम एक दिवस अधिक असेल तर दुसऱ्या दिवशी स्टाव्हांगरच्या धक्क्यावरून निघणारी लीसेफ्योर्डची बोट घ्यावी. ही फेरी सुमारे तीन तासांची असते. ती आधी करावी की नंतर, यावर मतभेद आहेत, पण मी नंतर करण्याच्या बाजूचा आहे. बोट कड्याच्या अगदी पायाशी जाऊन थांबते, आणि आदल्या दिवशी जेथे बसून डबा खाल्ला तो कातळ डोंगराच्या कपाळावर एका लहानशा चौकोनी कंगोऱ्याएवढा उरतो, त्यावरची माणसे तर दुर्बिणीशिवाय दिसतही नाहीत.